चमक उतरवलेला स्फटिक

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. पप्पांस सविनय जयभीम, वि. वि.

सोबतच्या डबीत आमच्या प्रयोगशाळेत वाढवलेला स्फटिक आहे. त्यावर गॅमा किरण पडला की आत बारीक प्रकाश उमटतो. तो मोजून किरणाची ताकद कळते. बावीस तारखेला आमच्या प्रमुख सुषमा मॅडम शेवटची चाचणी घेणार. नापास झाला तर परदेशातून मागवतील आणि माझी दोन वर्षं पाण्यात जातील. इथल्या पॉलिशमध्ये ओरखडे राहतात, म्हणून तुम्हीच करून द्या. तुमच्यासारखा हात इथे कोणाचा नाही, आणि हा मस्का नाही.

माया आहेच, ती राहू द्या.
आपली, विशाखा

कतारगाम, सुरत, ९ नोव्हेंबर

चि. विशाखास अनेक आशीर्वाद.

दगड पोचला. हिऱ्यापुढे अगदीच मऊ, म्हणून घंटीच्या फिरत्या चाकावर धरलाच नाही, चार दिवस हातानं घासला. सहाही बाजू चमकवल्यात. कारखान्यातल्या मगनभाईंनी आयग्लास लावून पाहिलं, एक रेघ सापडली नाही, तेव्हा त्यांनीच चहा पाजला. तीस वर्षांत हजारो हिरे हाताखालून गेले, पुढे कुठे बसले ते एकाचंही कळलं नाही. याचं तेवढं कळव. आई म्हणते, वेळेवर जेव.

आठवण ठेव.
तुझे पप्पा, श्रीपत

पुणे, १३ नोव्हेंबर

ती. पप्पांस सविनय जयभीम, वि. वि.

रागावू नका, चूक माझीच. मी नीट सांगितलं नाही. चकचकीत बाजूंवर आपटून प्रकाश आतल्या आत फिरत बसतो, मोजणाऱ्या नळीपर्यंत पुरेसा येतच नाही. निकाल आधीपेक्षा वाईट आला. एक बाजू तशीच ठेवून बाकी पाच खरखरीत कराव्या लागतील. तुम्हाला हे लिहिताना हात धजत नाही. डबी परत पाठवतेय.

रागातही लोभ असावा.
विशाखा

कतारगाम, १७ नोव्हेंबर

चि. विशाखास अनेक आशीर्वाद.

चार दिवसांची चमक अर्ध्या तासात उतरवली. फार जिवावर आलं. कारखान्यात कोणी पाहू नये म्हणून घरी घासत बसलो, तर मगनभाई दारात हजर! वाटलं, हसतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि याहून बारीक घासकागद घे म्हणाले. पाचही बाजू एकसारख्या दुधी झाल्यात. खराब करायचं तेही नीट केलंय.

निकाल काही लागो, घरी ये.
पप्पा

पुणे, २२ नोव्हेंबर

ती. पप्पांस सविनय जयभीम, वि. वि.

पास! मी प्रयोगशाळेतच नाचले. मॅडमनी विचारलं, बाजू कोणी घासल्या? मी सांगितलं. चाचणीच्या वहीत त्यांनी स्वतः लिहिलं: श्रीपत, कतारगाम, सुरत. हा स्फटिक इथल्याच किरणमापक यंत्रात बसलाय, दाराकडून तिसऱ्या खोबणीत. तुम्ही आलात की दाखवते.

बाकीच्या खोबण्यांसाठी आणखी अकरा पाठवतेय. कृपा करून एकीहून जास्त बाजू चमकवू नका.

अशीच माया असू द्या.
तुमची, विशाखा