लिस्ता

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहितेय. आई जाऊन तीन आठवडे झाले, पण तुझ्याकडे परदेशी यायचं म्हणून ती शिकत होती, तो तिच्या मोबाइलवरचा स्पॅनिशचा धडा रोज दुपारी चारला आपोआप सुरू होतो. मला तो बंद करता येत नाही; खरं सांगू, हात धजत नाही. धड्यातली बाई एक वाक्य म्हणते आणि आपण मागून म्हणावं म्हणून थांबते. त्या थांबण्यात मला शिलाई मशीनपाशी आई पुटपुटताना ऐकू येते. हसू नकोस, अंगावर काटा येतो.

तिच्या पलंगाखाली बॅग सापडली, भरून, पट्टा बांधून ठेवलेली. ‘सध्या इथे सोय नाही, पुढच्या वर्षी बघू’ असं तू कळवलंस, तेव्हा ती ‘बरं’ म्हणून गणवेशांना बटणं लावत बसली होती. मापांच्या वहीत मागच्या बाजूने तिने सराव केलाय. त्या गिचमिडीत एकच शब्द लागला, पानोपानी: लिस्ता. म्हणजे काय रे?

पिल्लूला पापा. ताईची आठवण असू दे.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. लिस्ता म्हणजे आपलं ‘तयार’च समज. आपणही पोरीला तयार म्हणतो, तेव्हा ती एक तर आवरून बसलेली असते, नाहीतर महाबेरकी असते. इथल्या भाषेत ‘आहे’ला शब्द दोन आहेत, त्यावरून कळतं. ‘सोय लिस्ता’ म्हणजे मी हुशार आहे. ‘एस्तोय लिस्ता’ म्हणजे माझी तयारी झालीय. पुरुष असेल तर लिस्तो. आईचा या दोन्हींत कायम घोळ. ‘सोय’ म्हणताना तर तिला हसूच फुटायचं. म्हणायची, ही सोय आपल्याच घरातली दिसते.

शेवटच्या रविवारी पिल्लू तिला फोनवर म्हणाली, आजी, किती शिकलीस! आई ऐटीत म्हणाली, एस्तोय लिस्ता. आम्ही पोट धरून हसलो. मी चूक सुधारली, ‘सोय’ म्हण म्हटलं. ती म्हणाली, बरं.

ते ‘बरं’ माझ्या कानातून जात नाही. ताई, तिला हुशारच म्हणायचं होतं ना? वही नीट बघून कळव. ती माझ्या निरोपाची वाट बघत गेली असेल, तर मी तोंड कुठे लपवू?

तुझ्या मायेवर तग धरून असलेला,
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. चष्मा लावून तीन दिवस वही वाचली. ‘हुशार’ असं लिहून मोकळी होणार होते. पत्र पाकिटात घालूनही झालं. पण चार वाजले, बाई वाक्य म्हणून थांबली, आणि मी ते पाकीट फाडलं.

पानोपानी ‘एस्तोय लिस्ता’ आहे. शेवटच्या पानावर, त्या रविवारच्या तारखेखाली, ‘एस्तोय’ खोडून वर ‘सोय’ लिहिलंय. खाली मराठीत दोन ओळी आहेत: ‘धाकटा म्हणतो, सोय म्हण. सोय नाही, असं तोच म्हणाला होता ना?’

बॅग मी उघडलेली नाही. तू आलास की दोघं मिळून उघडू. खरं लिहिलं म्हणून माझ्यावर रुसू नकोस, जीव लावतोस तसाच लाव.
तुझी ताई