पाचवा नट

५ जानेवारी २०२५, रविवार

आली! पिंपळगाव रेणुकाईहून आमच्या वडीगोद्रीपर्यंत टेम्पोवर चढवून आणली, तीसच्या वर टेम्पो जाऊ दिला नाही. जुनी जीप-पिकअप. बावीस वर्षं एका गोठ्यामागं लिंबाखाली उभी. मागं कडबा भरलेला, बॉनेटखाली खारीचं घर. चारही चाकं जाम. तरी उतरवताना दरवाजा लागला तो असा लागला, की मी हातातलं काम सोडून पुन्हा उघडून लावून पाहिला. साठ वर्षांचा दरवाजा!

घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही अंगांना दोन-दोन इंच जागा ठेवून बसली. मच्छिंद्र म्हणत होता बसणार न्हाई. मी आधी टेप लावला होता.

गाडी तिघांची. मच्छिंद्र मोसंबीवाला — ताकद बैलाची, धीर अजिबात नाही. संपत पेंटर — हायवेवरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. पाना मात्र माझा. संपतनं आल्या आल्या विचारलं, तयार झाल्यावर मागच्या फळक्यावर काय लिहू? माझं ठरलेलंच आहे : ‘उस्ताद कुणी नाही’. पंप, ट्रॅक्टर, जीप — जे शिकलो ते खोलून शिकलो, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. सगळं गाव ओळखतं ते याच्यावरच. आता हायवे पण वाचेल.

६ जानेवारी

बायकोची, सत्यशीलाची, मोठी परात घेतली, नट धुवायला. तिला अजून माहीत नाही.

७ जानेवारी

माहीत झालं.

१२ जानेवारी, रविवार

चाकं खोलली. पुढच्या डाव्या चाकाला मच्छिंद्रनं पान्यात पाईप घातला आणि वर उभा राहायला निघाला. मी ओरडलो. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टच्या, तोंडावर इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलंय ते दाखवलं. एल म्हणजे लेफ्ट. डाव्या अंगाच्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक पळताना नट सैल पडू नये म्हणून. सगळी दुनिया ज्या बाजूनं आवळते, त्या बाजूनं हे सुटतात. मच्छिंद्र म्हणाला, “चाळीस वर्षं नट खोलून राह्यलो, असा उफराट्या डोक्याचा पहिल्यांदा पाह्यला. तुझा पाव्हणा का रे?”

मागचं डावं चाक. चार नट उलटे फिरले, सुटले. पाचवा हलेना. डिझेल सोडलं, ठोकलं, पाईप लावला — न्हाईच. मच्छिंद्र बिडी पेटवत म्हणाला, “मास्तर, सरळ फिरवून बघा की.” फिरवला. सुटला! त्या एका स्टडवर एल नाही. चार उलटे, एक सरळ. कुणीतरी मिळेल तो बसवून मोकळं झालं.

ही ढिलाई मला चालत नाही. दिल्लीच्या जुन्या पार्टवाल्याला फोन केला, एल छापाचा एक स्टड पाठवायला सांगितला. मच्छिंद्र तासभर हसत होता. मी त्या सरळ स्टडकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसलो.

१९ जानेवारी, रविवार

इंजिन खोललं. काय लिहू!

खालचं चेंबर काढलं तर गॅस्केटच्या कडेनं सुती दोरा — सफेद्यात, पांढऱ्या रंगाच्या घट्ट लेपात, भिजवून बसवलेला. इतकी वर्षं उभी गाडी, तेलाचा एक थेंब बाहेर आलेला नाही. आतल्या प्रत्येक बेअरिंगच्या टोपीवर पंचनं मारलेली टिंबं : एकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. म्हणजे खोलणाऱ्याकडून टोप्यांची अदलाबदल होऊ नये. एवढं बरेच करतात. पण टोप्यांचे कोपरे कानस मारून मोडलेले. आतल्या बाजूचे! जिथं कुणाची नजर पोचणार नाही, बोट लागणार नाही, तिथं. मी बोट लावलं. गुळगुळीत.

कोण होता हा माणूस?

संपत पण पाट्या सोडून आला आणि गुडघे टेकून बघत राहिला. मच्छिंद्र म्हणाला, “सांडू, हे तर तुझंच काम दिसून राह्यलं. दोरा, टिंबं — समदं तुझंच.” खरं आहे. सफेद्यातला दोरा मी लावतो, दुसरा कुणी लावत नाही या भागात. माझी स्वतःची युक्ती म्हणून सांगतो सगळ्यांना.

मला अभिमान वाटायला पाहिजे होता. दिवसभर चिडचिड झाली.

२६ जानेवारी

झेंड्याहून आलो ते सरळ शेडमध्ये. व्हॉल्व्हची सगळी फट गेज घालून मोजली. चारही सिलिंडरला सारखी. चारही! माझ्याकडं गेज आहे, टॉर्क पाना आहे, मोबाईलवर माहिती आहे. त्याच्याकडं काय होतं? कान आणि बोटं. मी तिसऱ्यांदा मोजलं, कुठंतरी चुकलेला सापडावा म्हणून. सापडला नाही.

एका माणसाच्या कामासमोर टोपी काढून उभं राहावंसं वाटलं. टोपी घातलेली नव्हती.

२ फेब्रुवारी, रविवार

संपत ड्रायव्हरच्या दारावर घासून राह्यला होता. आधी हिरवा रंग. त्याखाली राखाडी. त्याखाली निळा. त्याचा हात हलका आहे, थर न् थर वेगळा काढतो. निळ्यात पांढरं काहीतरी यायला लागलं. गोल, फुगीर, खाली दोन टोकं. मी कॉटन वेस्टनं हात पुसत जवळ गेलो आणि तोंडातून निघून गेलं —

“मेंढरू!”

संपत म्हणाला, “अरे बोंड आहे कापसाचं. जिनिंगची गाडी असंल. कुठून आलं मेंढरू?” मच्छिंद्र म्हणाला, याला सगळीकडं मेंढरंच दिसणार, जात कुठं जाती. हसले दोघं. मी पण हसलो. चहा आणतो म्हणून घरात आलो आणि बराच वेळ मोरीत हात धूत राहिलो.

३ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. हे पान कुणी वाचत नाही.

१९८९. मी चौदा वर्षांचा. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, जालन्याबाहेर एका रानात बसलेला. बापानं मला शहरात, मस्तगडला राधेश्याम मिस्तरींच्या गॅरेजात ठेवलं. म्हणाला, मेंढरांमागं एक माणूस कमी असला तरी चालतंय. बारा दिवस राहिलो. झाडायचं, नट धुवायचे, दोरा सफेद्यात भिजवून द्यायचा, टिंबं मोजून टोप्या ओळीत मांडायच्या. बाकी वेळ नुसतं बघायचं. मिस्तरी बोलत नव्हते फारसे. इंजिन चालू करून मान तिरकी करायचे आणि ऐकत राहायचे. मला वाटायचं ते इंजिनाशी बोलतात.

तिथं जिनिंगची निळी पिकअप कामाला आलेली होती. दारावर पांढरं मेंढरू. बोंड असतं हे मला कुठं माहीत? मी रोज सकाळी फडक्यानं त्याचं तोंड पुसायचो.

बाराव्या दिवशी मिस्तरी म्हणाले, मागचं डावं चाक खोल. पहिल्यांदा पाना हातात! नट सुटेना. पाईप लावला, पाईपवर उभा राहिलो. कडकन आवाज. स्टडच तुटला. मिस्तरी आले, सगळ्यांसमोर एक थप्पड मारली. मी पाना टाकून पळालो तो थेट वाड्यावर. बापानं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडा उठला, मेंढरं घेऊन आम्ही पुढं गेलो.

स्टडवरच्या एलचा अर्थ मला पुढं सात वर्षांनी कळला. जालन्याला पार्ट आणायला महिन्यातून दोनदा जातो. मस्तगडचा रस्ता आजपर्यंत टाळलेला आहे.

आता त्या तुटलेल्याच्या जागी बसवलेला सरळ स्टड माझ्या शेडमध्ये आहे. तीच गाडी!

दोरा माझी युक्ती नाही. टिंबं माझी नाहीत. पस्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातानं काम करून राह्यलोय आणि सांगत फिरलो, उस्ताद कुणी नाही.

४ फेब्रुवारी

सत्यशीलाला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. मंग म्हणाली, “आन् बघायला आल्ते तव्हा माझ्या भावाला काय सांगितलं? कुणाचा शागीर्द न्हाई. त्याच्यावरच तर त्यानं हो म्हणलं.” थोड्या वेळानं — “हाय का तो माणूस अजून?”

मला हे सुचलंच नव्हतं.

६ फेब्रुवारी

संपत मस्तगडच्या दुकानातून रंग आणतो. सहज विचारल्यासारखं विचारायला लावलं, राधेश्याम मिस्तरी म्हणून कुणी होते तिकडं. आहेत! ऐंशीच्या पुढं. गॅरेज कधीच बंद झालं. डोळे गेलेत. संपत म्हणाला, तुला कशाला पाहिजेत? म्हणालो, जुने मेकॅनिक होते म्हणून ऐकून आहे.

ऐकून आहे! एवढंच निघालं तोंडातून.

सत्यशीला म्हणते, गाडी दाखवून या. मी म्हणालो, आधी गाडी चालू तर होऊ दे. मनात आलं, न्हाई झाली तर बरं.

१६ फेब्रुवारी, रविवार

इंजिन बांधलं. दोरा सफेद्यात भिजवला, माझ्या हातानं. टिंबं मोजून टोप्या लावल्या. माझा एकही शहाणपणा त्यात घातला नाही. जसं होतं तसं.

२३ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजून दहा मिनिटं. पहिल्या हँडलला खोकली. दुसऱ्याला काही न्हाई. तिसऱ्याला मच्छिंद्रनं असं फिरवलं की मला वाटलं हँडलच वाकवतो —

आणि ती बोलली!

पहिल्यांदा एक सिलिंडर, मंग दोन, मंग चारही एका सुरात. पत्रे थरथरले. खारीच्या घरट्याचा राहिलेला काडीकचरा सायलेन्सरमधून उडाला. तेलाचा काटा सावकाश वर आला आणि बरोबर जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबला. हायवेवरच्या हॉटेलातली माणसं बघायला आली. संपतनं चहाचा ग्लास इंजिनावर ठेवला. चहात बारीक वर्तुळं उठली, बस्स. सांडला नाही. मच्छिंद्र, ज्याचं तोंड झोपेत पण चालतं, तो डोळे पुसून राह्यला होता. म्हणे धूर गेला.

बावीस वर्षं लिंबाखाली! एक माणूस पस्तीस वर्षांपूर्वी नीट काम करून घरी गेला, आणि ते काम आज दुपारी माझ्यासमोर श्वास घेऊन राह्यलं. मी मान तिरकी करून ऐकत होतो. मान तिरकी आहे हे सत्यशीलानं नंतर सांगितलं.

१ मार्च

दिल्लीहून स्टड आला. नवा कोरा, तोंडावर एल. बसवायला अर्धा तास लागेल. बसवला नाही. खिशात ठेवला.

२ मार्च, रविवार

रंग झाला. जुना निळा संपतनं डोळ्यानं जुळवला. बोंड तसंच ठेवलं, हात लावू दिला नाही.

मागच्या फळक्यावर त्यानं खडूनं अक्षरं आखली : उस्ताद कुणी नाही. ऐसपैस, देखणी. पेंट सोमवारी, दहा तारखेला. म्हणालो, आखलंय ना, राहू दे तोवर. तो म्हणाला, “पंचवीस वर्षं हेच ऐकवून राह्यलास, आता लाजून राह्यला का?”

सांगायला तोंड उघडलं होतं. गिऱ्हाईक आलं.

८ मार्च

मच्छिंद्रला सांगितलं, उद्या मस्तगडला जायचंय, एका जुन्या माणसाला इंजिन ऐकवायचंय. तो म्हणाला, लांबचा पल्ला होईल, बरंच आहे. फळक्यावरचा खडू तसाच आहे. फडकं घेऊन दोनदा मागं गेलो, पुसला नाही. पुसला तर त्या दोघांना कारण सांगावं लागेल.

९ मार्च, रविवार

मिस्तरी ओट्यावर बसले होते. इंजिन चालू ठेवलं. त्यांनी मान तिरकी केली. बराच वेळ. मंग म्हणाले, “बराबर बांधलंय. कुणाकडं शिकलात?”

जुनं उत्तर जिभेवर आलं होतं. मच्छिंद्र शेजारीच उभा.

“तुमच्याकडं,” म्हणालो. “बारा दिवस.”

ते उठले. गाडीला हात लावत लावत मागच्या डाव्या चाकापाशी आले, खाली बसले. एकेका स्टडवरून बोट फिरवलं. पाचव्यावर थांबलं.

“उलटे आटे असतात, हे तुला मी सांगितलंच नव्हतं. आन् वरून मारलं. एलवाला स्टड मिळत होता, मुद्दाम न्हाई बसवला. गाडीच्या मालकाला म्हणलं, ही माझी चूक आहे, राहू द्या. तिसऱ्या दिवशी तुला आणायला वाड्यावर गेल्तो मी. मेंढरं निघून गेल्ती. चुलीतली राख गरम होती.”