बोलक्या पाटीचा जनक

३ मार्च

आज मला टीव्हीवर मारलं! "बोलक्या पाटीचे जनक, दिवंगत —" आणि पुढे माझं नाव, आडनावासकट.

बोलणारी बाई म्हणजे एका भल्यामोठ्या कंपनीची प्रमुख. घसा गेलेल्यांसाठी मोबाइलवर बोलणारं काहीतरी काढलंय त्यांनी. म्हणाली, "ऑपरेशनमध्ये माझ्या बाबांचा आवाज गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती पाटी नसती तर बाबा मला कळलेच नसते. मी या कामात पडले ती त्या पाटीमुळे."

लेक ताडकन उठली. "बाबा, फोन करा! जिवंत माणसाला खुशाल —"

म्हटलं, राहू दे. अर्धं खरंच आहे. आमची ही जाऊन आज त्र्याण्णव दिवस झाले.

४ मार्च

लेकीनं ऐकलं नाही. कंपनीला ईमेल धाडलाच. सोबत माझा फोटो, हातात आजचा पेपर — ओलीस धरल्यासारखा! हिला दाखवला असता तर पोट धरधरून हसली असती. आवाज न करता.

७ मार्च

जेवण गेलं नाही.

९ मार्च

कंपनीची बाई स्वतः आली. एकटीच. दारातच म्हणाली, "सर, माफ करा. कुठंतरी वाचलं होतं, खात्री करून घेतली नाही."

म्हटलं, "मलाही हल्ली खात्री नसते." हसावं की नाही, कळेना बिचारीला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिली पाटी काढून ठेवली. अठ्ठेचाळीस बटणं, जुन्या रेडिओचा स्पीकर. तिनं एका कोपऱ्यावर अंगठा ठेवला. "'थांब'चं बटण! बाबांचा अंगठा कायम इथं. मी फार बडबड करायचे." डोळे भरून आले तिचे. माझेही. या टेबलाशी बसूनच ही तेच बटण दाबायची — मी तावातावानं बोलायला लागलो की.

मग तिनं विचारलं, "सर, बटणं अशी कशी लावलीत? 'दुखतंय' हाताशी, 'आभारी आहे' पार वर. आम्ही आठ वर्षं प्रयोग केले, शेकडो रुग्णांना विचारलं. शेवटी हीच मांडणी बरोबर निघाली. तुमचा आवाज तर धडधाकट होता. तुम्हाला कसं कळलं?"

"सुचलं," मी म्हटलं.

"म्हणूनच तुम्ही तुम्ही आहात!" वीस तारखेला त्यांच्या नव्या प्रयोगशाळेला माझं नाव देणार म्हणे. लेक रडायलाच लागली. "आई असायला हवी होती, बाबा."

पाणी प्यायचं निमित्त करून उठलो.

१२ मार्च

हिचं कपाट उघडलं. पहिल्यांदाच. साड्यांखाली चौकटीची वही. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या शिसपेन्सिलीनं भरलेली. एकोणचाळीस वर्षं जपलीन् बयेनं. मला वाटलं होतं, कधीच फेकली असेल.

लग्नाआधीपासून टेलिफोन एक्स्चेंजात होती ही. दिवसभर "नंबर प्लीज". शंभर भोकं, शंभर वायरी — न बघता जोडायची. आवाज गेला तसं त्यांनी घरी पाठवलं.

वही होती तिथंच ठेवली.

१५ मार्च

लेकीनं माझ्यासाठी कोट शिवायला टाकलाय. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. "माझे बाबा!" एवढी हरखलेली मी तिला लहानपणीसुद्धा पाहिली नाही. शिंपी माप घेताना म्हणाला, "ताठ उभे राहा की!" जमेना.

१७ मार्च

लेकीला वही दाखवली. चाळून झाली. पानोपानी बटणांच्या चौकटी, सगळं हिच्या अक्षरात. शेवटी एवढंच — "आईला काय वाटलं असेल, बाबा?"

दार लावून गेली. कोट कपाटाबाहेर तसाच लटकतोय.

१८ मार्च

कंपनीच्या बाईला फोन केला. सांगून टाकलं — पाटी माझी नाही. सगळी आखणी हिची, मी फक्त वायरी जोडल्या. पेटंट नोंदणीच्या कचेरीत कारकुनानं माझ्याकडे बघून विचारलं होतं, "शोध कुणाचा?" मी माझं नाव सांगितलं. ही शेजारीच उभी होती.

पाटी कारकुनाच्या हातात होती.