सुंदराबाईंचे चार दगड

शिवडी, मंगळवार

प्रिय मानसी,

अनेक आशीर्वाद. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मधेच "आई, एक मिनिट हां" म्हणतेस आणि माझं पुढचं बोलणं राहून जातं. हे राहून चालणार नाही, म्हणून पूजा आटोपून कागद घेऊन बसले. कागद जुन्या डायरीचे आहेत, पाठकोरे. नवे आणायला सांगू नकोस.

तू पाठवलेला तो धावणाऱ्या माणसांचा फोटो मी तीन दिवस बघतेय. अमेरिकेतल्या त्या संग्रहालयात काम धरल्यापासून तू तिकडचं काही ना काही सांगतेस, पण ओक्लाहोमाची ही शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकून मी थक्क झाले गं. हजारो माणसं एका रेषेवर उभी. कुणी घोड्यावर, कुणी छकड्यात चूलभांडी घेऊन, कुणी नुसतंच पायी. दुपारी बाराला बार झाला आणि सगळी सुटली. जो आधी खुंटी ठोकील त्याची जमीन. सकाळी जिथे एक स्टेशन आणि गवत, तिथे संध्याकाळी दहा हजारांचं गाव. लालबागला गणपतीत मी याच्या कितीतरी पट गर्दी पाहिलीय, पण ती दर्शन घेऊन घरी जाते. ही माणसं तिथेच झोपली आणि सकाळी उठून गल्ल्या आखायला लागली. उघड्या माळावर. मी तर देवाला हातच जोडले. काही लबाड आदल्या दिवशीच आत शिरून झाडीत लपले होते, आणि आत्ताच दौडत आलो असं भासवायला त्यांनी घोड्यांना साबणाचा फेस लावला, हे तू सांगितलंस तेव्हा मी किती हसले.

आणि ते लग्न. अठरा वर्षं तो नुसता प्रदेश, लांबच्या राजधानीतून नेमलेला साहेब कारभार बघणार. मग राज्य झालं तेव्हा नव्या लोकांचा प्रदेश हा नवरा आणि मूळच्या लोकांचा प्रदेश ही नवरी, असं वाचनालयाच्या पायऱ्यांवर लग्न लावलं म्हणे. आपल्या राज्याच्या वेळी मी फणसवाडीत पाळण्यात होते. आई सांगायची, दिवे लावले, पेढे वाटले, पण आधी माणसं गोळ्या खाऊन पडली होती. राज्य रक्त देऊन मिळतं एवढंच आम्हाला माहीत. तिकडे अक्षता टाकून मिळालं, याचंच मला अप्रूप. पण तू पुढे म्हणालीस की त्या मूळच्या लोकांनी स्वतःचं वेगळं राज्य मागितलं होतं, ते दिलं नाही. मी विचारलं, मग नवरीला कुणी विचारलं होतं का? तू म्हणालीस, "आई, शाळेची मुलं येतात ना, तीही हेच विचारतात." आणि ज्या जमिनीवर ती माणसं धावली तीही आधी दुसऱ्यांचीच, त्यांनाही कुठून कुठून हाकलून तिथे आणलेलं. त्यावर मी गप्प झाले, आणि तुला वाटलं नेट गेलं. नेट होतं. मला शिवडी आठवली होती.

तू तेव्हा दीड वर्षाची. संपात बाबांची गिरणी गेली ती गेलीच. लालबागच्या खोलीत आपण नऊ माणसं. शेजारी सुंदराबाई, त्यांचा नवरा बाबांच्याच खात्यात. त्या घरात बाबासाहेबांची तसबीर, आपल्याकडे गणपती, आणि मधल्या भिंतीवरून वाटीभर डाळ इकडून तिकडे. एक दिवस चाळीत बातमी आली की शिवडीला खाजणालगतच्या मोकळ्या जागेची मोजणी होणार, ज्याचे बांबू उभे असतील त्याचं नाव लागणार. सगळी चाळ धावली. घोडे नव्हते एवढंच. मी तुला कमरेवर घेतलं आणि पिशवीत घरातला गणपती घेतला, कारण नव्या जागेत आधी देव जावा अशी माझ्या सासूबाईंची शिस्त.

पोचलो तर सगळा चिखल. उंचवट्याची कोरडी जागा एकच शिल्लक, आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार दगड, चुन्याने रंगवलेले. कुणाचे ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी सुंदराबाईंनी माझ्याकडूनच वाटीभर चुना नेला होता. त्या पहाटेच येऊन दगड मांडून बांबू आणायला गेल्या होत्या. बाबा म्हणाले, "पुढे बघू." मी पुढे बघितलं नाही. चारही दगड उचलून मधोमध एकावर एक रचले, वर गणपती बसवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

सुंदराबाई डोक्यावर बांबू घेऊन आल्या. बांबू खाली टाकले. म्हणाल्या, "मानसीच्या आई, दगड माझे होते." मी म्हटलं, "आता देव बसलाय. बसलेला देव उठवू कसा?" भोवती आपलीच माणसं, हातात पहारी. त्यांच्यासारखीने देवाला हात लावला असता तर काय झालं असतं, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर मी देव बसवला, गं. भक्तीने नव्हे. त्या खाली नाल्याकाठी गेल्या. भरतीला त्यांच्या चुलीत पाणी यायचं.

मग आपल्या चार बांबूंना पत्रा आला, दाराला नंबर आला, गल्लीला नळ आला, वस्तीला नाव आलं, मतदार यादीत आपण आलो. दर वेळी मी साखर वाटली. सुंदराबाईंचं झोपडं नाला रुंद करताना उठलं. नंतरच्या मोजणीत त्यांचं नाव कुठेच नाही. आता त्या परळला धम्मपालकडे. पोरगा ब्लड बँकेत चांगल्या नोकरीला आहे, पण घर भाड्याचं. दर अकरा महिन्यांनी बोचकी बांधतात.

आणि मला मागच्या गुरुवारी, आपल्या खोलीच्या बदल्यात, वस्तीच्या जागी उभ्या राहिलेल्या या नव्या इमारतीतल्या घराची चावी मिळाली. सतरावा मजला. खिडकीतून खाडीतले गुलाबी पक्षी दिसतात, थव्याने उठतात तेव्हा मी भाजी चिरायची थांबते. एवढं आकाश मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाबा असते तर खुर्ची टाकून बसले असते.

शनिवारी मी परळला जाऊन सुंदराबाईंना सगळं सांगितलं. देव भक्तीने बसवला नव्हता, हेही सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तुमचा देव माझ्या दगडांवर चाळीस वर्षं बसला, आणि भाडं एकदाही नाही?" आणि हसल्या. मला हसू येईना. त्यांनीच चहा टाकला. कपात दूध ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती जागा उंच होती हो."

मानसी, माझ्यानंतर हे घर धम्मपालचं व्हावं असं मृत्युपत्र मी केलंय. वकील म्हणाले, तुम्ही करू शकता, पण मुलीचं हरकत नसल्याचं पत्र जोडलेलं बरं, पुढे कटकट नको. हे घर तुझंही आहे. तू इथेच वाढलीस, त्या उंच जागेवर. म्हणून हुकूम नाही करत, विचारतेय. नवरीला विचारलं नव्हतं, तसं तुझ्या बाबतीत नको. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, फक्त मला पुन्हा परळला जाता येणार नाही.

त्या चारातला एक दगड मी जपला होता, देवघराखाली. चुना अजून खाचांत आहे. आज पूजेनंतर गणपती ताम्हनात ठेवला आणि दगड धुऊन खिडकीत वाळत घातलाय. तुझी सही आली की ते पत्र आणि हा दगड, दोन्ही घेऊन परळला जाईन.

तुझीच,
आई