कशेडी उतरल्यावर

खेड, १४ ऑगस्ट

ती. आईंना,
सा. न.

आम्ही सगळे सुखरूप खेडला पोचलो. तुमच्या गोळ्या संपत आल्या होत्या, आणल्यात ना? हे पत्र तानाजी आणून देईल. आमच्याच सायकल ग्रुपमधला आहे, डोंबिवलीचाच. त्याचा गुडघा सुजलाय, म्हणून रत्नागिरीपर्यंत न येता उद्या सकाळच्या एसटीने परत निघालाय. त्याला चहा दिल्याशिवाय सोडू नका.

पनवेल सोडल्यापासून पाऊस थांबलेला नाही. रेनकोट आतून-बाहेरून सारखाच ओला. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवतो आणि सकाळी तसेच दमट बूट घालतो. बोटं सुरकुतलीत, ब्रेक दाबताना दुखतात. तुमचे मेथीचे लाडू मात्र डब्यात कोरडे राहिले. "सासूबाईंनी केलेत" म्हटल्यावर त्यांचं जरा जास्तच कौतुक झालं.

आज कशेडी घाट होता. जुन्या रस्त्याने चढलो. निम्म्यावर माझ्या पायांतलं बळ संपलं. बाकीचे पुढे गेले, कल्पिता थांबली. ती बँकेत आहे, माझ्याहून मोठी. कुणी मागे राहू नये म्हणून मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी चालवते. मी कठड्यावर बसले आणि म्हटलं, आपला सामानाचा टेम्पो बोलाव.

"बोलावते. आधी काहीतरी खा."

लाडू खाता खाता मला रडू आलं. पावसात कळणार नाही असं वाटलेलं.

"पाय दुखतायत म्हणून नाही ना हे?" ती म्हणाली.

मग तिला सगळं सांगितलं. जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते एका परक्या बाईला सांगून बसले, म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं.

आई, मी खोपटला खोली बघितलीय. एसटी डेपोच्या मागे, ऑफिसला चालत जाता येईल अशी. परत आल्यावर सांगणार होते. जूनमध्ये कोर्टात घटस्फोट झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याचं-तुझं तुटलं. तू इथेच राहा." मी राहिले. पण त्या दिवशी सलिलचा फोन तुम्ही स्पीकरवर घेतलेला आणि मी स्वयंपाकघरात होते. "ती घरात असेल तर मी गणपतीला येणार नाही," म्हणाला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नंतर मला सांगितलंत, नेटवर्क नव्हतं.

तुमच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली. तो तुमचा मुलगा आहे. मी आता तुमची कोण, हे मला कुणाला नीट सांगता येत नाही.

कल्पिताने एवढंच विचारलं, "त्यांच्याशी बोललीस?" नाही बोलले. तुम्ही जा म्हणाल, याची भीती वाटत होती.

टेम्पो आला, पण मी बसले नाही. बरीचशी वाट सायकल ढकलतच वर नेली.

जाऊ की राहू, ते खरं खरं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे, वाटेल, पण चालेल.

तुमची
ऋजुता


डोंबिवली, १५ ऑगस्ट

चि. ऋजुता,
अनेक आशीर्वाद.

तानाजी समोर बसला आहे. ह्या पत्राचा फोटो काढून तुला लगेच पाठवतो म्हणाला.

खोली पाहिलीस याचा राग नाही, न सांगता पाहिलीस याचा आला. त्या दिवशी मी सलिलला उत्तर दिलं नाही, कारण मला सुचलंच नाही. तू ऐकलंस हे मला कळलं होतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. तरी मी नेटवर्कचं खोटं बोलले, आणि तूही ते खरं मानल्यासारखं केलंस.

आज तुझं पत्र वाचून त्याला मीच फोन केला. म्हटलं, घर तुझंही आहे, गणपतीला जरूर ये. पण कोणाला घालवून मी तुला बोलावणार नाही. त्याने फोन ठेवला. येईल किंवा येणार नाही. मला रडू आलं. तानाजी बिचारा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

खोली तुला स्वतःसाठी हवी असेल तर अवश्य घे, मी लागतील ती भांडी काढून देईन. माझ्यासाठी म्हणून घेऊ नकोस.

रविवारी तुमच्या परतीच्या गाडीला कितीही उशीर होऊ दे, मी जेवायची थांबेन.

आई