करड्या तोंडाची मोलकरीण

काकू, चुका खूप होतील, आधीच सॉरी म्हणते. इंग्लिश अक्षरं दाबली की स्क्रीनवर मराठी येतं असं हे सॉफ्टवेअर आहे, पण ळ शोधेपर्यंत चहा गार होतो. तुम्ही म्हणाला असतात, "कार्टे, त्यापेक्षा फोन कर की." फोनवर तर मी अजूनच बोलत नाही, तुम्हाला माहितीये.

काल लायब्ररीत विकायला काढलेल्या व्हिडिओ टेप्सच्या खोक्यात तुमचा आवडता पिक्चर दिसला. कव्हरवर तीच बाई, घेरदार झगा, हातात मेणबत्ती, मागे हवेली. पुण्यात कॉलेज बुडवून तुम्ही तो ब्रिटिश पिक्चर मॅटिनीला बघितला होतात, आणि इथे अमेरिकेत, हर्नडनला मुलाकडे आल्यावर लायब्ररीत सापडला म्हणून चक्क रडलात. मग इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याचंच मराठी नाटक बसवलंत. मोठी बहीण इस्टेटीसाठी धाकटीला वेडी ठरवून माडीवर कोंडते, आणि शेवटी जिच्याकडे कोणी बघतही नाही ती मोलकरीण पुढे येते. ती मी. तेव्हा मी मिडल स्कूलला होते आणि टीचरनी आईला सांगितलं होतं की ही वर्गात तोंडच उघडत नाही. ते ऐकून तुम्ही म्हणालात, "एक वाक्य बोलेल. मी बोलवून घेते." वाक्य होतं, "बाईसाहेब, किल्ली माझ्याकडे आहे."

तालीम तुमच्या बेसमेंटमध्ये. तुम्ही जाहीर करता की पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून नाटकही तसंच. कपडे काळे-पांढरे, तोंडं करडी. आई मोठ्या बहिणीचं काम करत होती, ती उसळलीच. "अहो काकू, गणपतीसमोर काळं नेसायचं? आम्ही काय सुतकात आहोत?"

"अगं, पिक्चरला रंगच नाही, त्याला मी काय करू?"

"मग रंगीत पिक्चर घ्यायचा होतात ना!"

सगळ्याजणी हसल्या. तुम्हाला वाटलं, विषय संपला.

नाटकाच्या दिवशी तुम्ही मला लवकर नेलंत. भाड्यानं घेतलेलं हायस्कूल, कॅफेटेरियामागचं किचन. स्टीलच्या वाटीत तुम्ही पावडर आणि काजळ कालवताय, माझ्या तोंडाला, मानेला, कानांच्या मागे पण लावताय. "बघ, पडद्यावरून उतरलीस!" तेवढ्यात बाकीच्या आल्या. पैठण्या, हिरव्या बांगड्या, नथी. आईची साडी तर लालभडक. आदल्या आठवड्यात फोनाफोनी झाली होती, फक्त तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आत्ताही कोणी काही बोललं नाही. तुम्ही वाटी हातात घेऊन उभ्या. मग म्हणालात, "बरं. छान दिसताय सगळ्या."

स्टेजवर मी एकटी करडी. पहिल्या रांगेतले एक काका ओरडले, "अरे, ही चुलीतून आली का?" हॉल हसायला लागला. माझ्या मुठीत तुमच्या गराजची किल्ली, वरून धाकटी बहीण दार बडवतेय, "कोणी आहे का?" मग परत. मग जरा चिडून, "अगं, कोणी आहे का!" माझं तोंड उघडेना. शेवटी विंगेतून तुमचा आवाज आला, "अगं बाई, किल्ली हिच्याकडे आहे!" टाळ्याच टाळ्या.

पार्किंग लॉटमध्ये तुम्ही आईला सांगितलंत, "तुम्ही सगळ्या फुटलात. ही एकटी माझ्या बाजूनं राहिली, तोंड पुसलं नाही हिनं." आणि मला म्हणालात, "पुढच्या वर्षी तूच बोलायचं." पुढच्या गणपतीआधीच तुम्ही वारलात.

नंतर हायस्कूलमध्ये प्रेझेंटेशन होतं. पोस्टर घेऊन उभी राहिले. तसंच झालं. मी मागे वळून बघितलं, खरंच बघितलं काकू, मागे नुसता व्हाइटबोर्ड. दुसऱ्या दिवशी गेले नाही. मग कधीच गेले नाही. आई-बाबा खूप भांडले, शेवटी घरी शिकवतो म्हणून लिहून दिलं. शिकवत कोणी नाही. आता मी पार्लरमध्ये थ्रेडिंग करते. बायकांचे डोळे मिटलेले असतात, ते बरं पडतं. आई मंडळात सांगते, "ती घरून कोर्स करतेय." त्याच पैठणीवाल्या काकू आयब्रो करायला येतात, मला बघतात आणि काही बोलत नाहीत. तुमच्याशी नव्हत्या बोलल्या, तश्शाच.

तुम्ही तरी हे बघायला नाही, असं वाटून मला सुटल्यासारखं होतं. आणि मग त्याचीच लाज वाटते.

टेप घेतली मी. आमचा व्हीसीआर कधीच बिघडलाय. हे कुठे पाठवणार, सेव्हसुद्धा करणार नाहीये. म्हणून सांगून टाकते. मी तुमच्या बाजूनं वगैरे नव्हते. त्या पैठण्या बघितल्या तेव्हाच मला तोंड धुवायचं होतं. सिंक शेजारीच होतं. "काकू, पुसा ना," एवढंच म्हणायचं होतं, तेही मला जमलं नाही. तुम्हाला ती माझी साथ वाटली आणि तेच खरं मानून तुम्ही गेलात. शाळेपेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

अरे हो, आईला अखेर गाडीचं लायसन्स मिळालं. आज एकटी हायवेवरून गेली, सगळ्यांना हॉर्न देत.