खंडेनवमीचा कॉम्प्युटर

मिरजगाव,
ऑक्टोबर १९९७

प्रिय सम्राट,

नगरचा तुझा कॉम्प्युटर क्लास आता मार्गी लागला असेल. माझा हात हल्ली फार कापतो. तेव्हा अक्षराला हसू नकोस, गुरुजींचा वळणदारपणा संपला आहे.

परवा शाळेवरून जाताना तो टेम्पो आठवला. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेला जुना कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून आला होता आणि लंकाबाई शिपाईण त्याला नव्या नवरीसारखं ओवाळायला निघाली होती! पुढे वर्षभर कुणी त्याला बोट लावलं नाही. खोलीला कुलूप, चपला बाहेर, यंत्रावर मखमली झूल. पाहुणे आले की झूल काढायची, दाखवायचं, परत घालायची. शिकवायला आणलेल्या वस्तूचा देव करून टाकण्यात आपला हात कोण धरणार! मग कोर्स पुरा करून तू गावी आलास, झूल बाजूला केलीस आणि खटकन बटण दाबलंस. काळ्या काचेवर मराठी अक्षरं उजळली. मला वाटलं, माळावर एकाएकी काजवे उतरले.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तू नगरहून यायचास. मी डोळे मिटून चालीवर कविता म्हणायचो, तू टाइप करायचास. "गुरुजी, जरा दम घ्या की! माझी बोटं पार मागं राहिली," असं ओरडायचास. पाचवीच्या पोरांसाठी वर्गात उभ्या उभ्या जुळवलेल्या त्या कविता कागदावर कधी नव्हत्याच, पोरांच्या तोंडी होत्या. आता मलाही निम्म्या आठवत नाहीत. जे काही उरलं आहे ते त्या कॉम्प्युटरच्या पेटीत. फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं आपलं राहूनच गेलं.

आता पुढचं लिहितो. अष्टमीला तू काम करून गेलास. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा मांडलेली. मी खोलीत गेलो तर तिथे गोठ्याचा वास. कळफलकावर हळदीकुंकू चिकटलेलं, पेटीच्या फटींतून पिवळे ओघळ. बटण दाबल्याबरोबर चर्र आवाज झाला, धूर निघाला आणि सगळं गप्प. गोरक्षनाथ क्लार्क तांब्या घेऊन उभा. विचारलं तर म्हणतो, "लई न्हाई गुरुजी, वाईच शिंपडलं. पूजेला ठिवायचं हुतं ना. त्यो बौद्धवाड्यातला सम्राट बसतोय तितं, तवा संस्थेचे अध्यक्ष म्हनले, आधी गोमूत्रानं शुद्ध करून घ्या." तोंडावर लाज नाही, उलट मलाच म्हणतो, "नारळाचं पानी तर मी बाजूलाच सांडलं!" लंकाबाई पदराने ते पुसत होती. तिच्याकडे बघून तो हसला.

मला शिसारी आली, बाळ. याच पोरांना मी माणुसकीच्या कविता पाठ करायला लावल्या होत्या. गोरक्षनाथ माझाच विद्यार्थी. काय खणखणीत म्हणायचा!

काल अध्यक्ष स्वतः घरी आले. दहावीची कामं अडली आहेत, नगरचा मेकॅनिक आत बघून हात लावायला तयार नाही. चहाचा घोट घेत म्हणाले, "गुरुजी, तुमचा शब्द सम्राट मोडायचा नाही. एक पत्र टाका, दुरुस्तीला ये म्हणून. व्होल्टेजनं गेला म्हणा, बाकीचं कशाला उकरायचं? तुमच्या कविता पण त्यातच आहेत ना?" मी म्हणालो, लिहितो. म्हणून हे लिहिलं. सम्राट, येऊ नकोस. माझ्या नावाने निरोप आला तर तो माझा समजू नकोस. कविता गेल्या तर जाऊ देत. तू बसलास म्हणून जी जागा धुवावी लागते, तिथून मला माझी एक ओळसुद्धा परत नको. तुला मला भेटावंसं वाटलं तर सरळ घरी ये. आपण एका पंगतीला जेवू. तेवढ्यात अध्यक्ष आले, तर त्यांनाही पान वाढीन. बसायचं की उठायचं, त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुझाच,
राधाकृष्ण गुरुजी